एका पानावरून संत्र्याच्या झाडाचे रोजचे पाणी काढता येईल का?

वायू-विनिमय मापक (पान छोट्या बंद कुपीत धरून त्यातून ये-जा करणारे बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र) लावून एका पानाचे बाष्पोत्सर्जन, म्हणजे पानातून बाष्परूपाने बाहेर पडणारे पाणी, मोजले आणि त्याला झाडाच्या एकूण पर्णक्षेत्राने गुणले, तर संत्र्याचे झाड दिवसाला किती पाणी घेते ते कळेल का, असे आपण विचारले आहे. नागपूरजवळच्या बागेत दोन उन्हाळे हेच काम केल्यावर माझे उत्तर नकारार्थी आहे.

हिशेब दिसायला सोपा आहे. दर चौरस मीटर पानातून सेकंदाला २ मिलिमोल बाष्प बाहेर पडत असेल, तर तासाला सुमारे १३० ग्रॅम पाणी होते. झाडावर ४० चौरस मीटर पाने धरली, तर तासाला ५ लिटरांहून थोडे अधिक. परंतु आपण निवडलेले पान बहुधा हाताला येणारे आणि उन्हातले असते, तर घेराच्या आतली बरीच पाने दिवसभर सावलीत असतात. शिवाय मापकाच्या कुपीतला पंखा हवा सतत घुसळत असल्यामुळे, पानालगत एरवी असणारा दमट हवेचा थर तिथे टिकत नाही. त्यातच मे महिन्यात हवा ४४ अंश आणि आर्द्रता २० टक्के असली, की बाष्पदाबाची तूट, म्हणजे हवेची पाणी ओढून घेण्याची ताकद, ७ किलोपास्कलच्या वर जाते आणि दुपारी पर्णरंध्रे (पानावरची सूक्ष्म छिद्रे) आवळली जातात. मग सकाळी नऊचे माप दिवसभराला कसे लावणार?

संपूर्ण झाडासाठी खोडातला रसप्रवाह मोजावा. ग्रॅनिए यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत खोडात वर-खाली दोन सुया बसवून वरची तापवतात. प्रवाह वाढला की उष्णता वाहून जाते आणि दोन सुयांमधील तापमानाचा फरक घटतो. सर्वांत मोठा फरक रात्रीचा, म्हणजे शून्य प्रवाहाचा, मानतात. मी इथेच फसलो. मे महिन्यातल्या कोरड्या, वाऱ्याच्या रात्री झाड थोडे पाणी सोडतच राहते. त्या रात्रीचा फरक शून्य प्रवाहाचा धरल्यामुळे माझे दिवसाचे आकडे कमी आले. पुढे मी आठवडाभरातल्या रात्रींपैकी सर्वांत मोठा फरक घेऊ लागलो, आणि तो बहुधा वळवाच्या सरीनंतरच्या दमट रात्रीच मिळाला. खोडावर ऊन पडत असेल, तर सुयांभोवती चकचकीत आवरणही हवेच.

पानाचा मापक मात्र विकू नका. आंबिया बहरासाठी (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्यासाठी) बाग ताणावर सोडली, म्हणजे पाणी तोडले, की रंध्रे किती मिटली आणि पान कार्बन डायऑक्साइड किती घेते, हे सुया सांगत नाहीत.