इंग्लंडमधल्या ग्लाइंडबोर्नच्या ऑपेराला साडी नेसून गेलं तर चालेल का? ऑपेरातलं ओ की ठो कळत नाही, तरी जावं का?

साडी बिनधास्त नेसा. मी दोनदा गेलेय, दोन्ही वेळा साडीच. नटून यायची सक्ती नाहीये, पण पुरुष काळं डिनर जॅकेट नि बो टाय, बायका लांब गाऊन, असाच सगळा थाट असतो, त्यात आपली पैठणी उठून दिसते. फक्त उंच टाचांच्या चपला नको, हिरवळीत रुततात, आणि शाल न्याच.

लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून ल्युईस गावाची गाडी, साधारण तासभर, पुढे थिएटरची बस. भर दुपारी प्लॅटफॉर्मवर बो टाय लावलेले आजोबा हातात कूलबॉक्स घेऊन उभे दिसले की समजायचं, आपली गाडी हीच!

मध्यंतर दीड तासाचं असतं, तेव्हा बागेत चटया पसरून लोक जेवतात. घरचा डबा चालतो. मी पहिल्यांदा हौसेने साबुदाण्याची खिचडी नेली, तिचा गार होऊन दगड झाला, दुसऱ्या वेळी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, ते बेस्ट. समोर मेंढ्या चरत असतात, बागेत घुसतील असं वाटतं पण मधे एक खंदक आहे, तो लांबून दिसतच नाही.

पण फक्त पिकनिकसाठी जाऊ नका हो. 1934 साली जॉन ख्रिस्टी नावाच्या जमीनदाराने आपल्या घराला लागून 300 खुर्च्यांचं थिएटर बांधलं, बायको ऑड्री मिल्डमे गायिका होती, आणि हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले संगीत संचालक फ्रिट्झ बुश नि दिग्दर्शक कार्ल एबर्ट त्याला मिळाले, म्हणून हौशी प्रकार न राहता पहिल्याच वर्षी मोझार्टचा 'फिगारो' हा ऑपेरा दणक्यात झाला. आताचं थिएटर 1994 चं, 1200 खुर्च्यांचं, आतून सगळं जुनं लाकूड, आणि गायक माइकशिवाय गातात. मागच्या रांगेत बसून हळू सूरसुद्धा स्वच्छ ऐकू आला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, भाषा इटालियन असून.

न कळण्याचं म्हणाल तर स्टेजच्या वर इंग्लिश भाषांतर येतं, आणि गोष्ट आधी वाचून जा. सुभद्रेचं लग्न कोणाशी होणार हे माहीत असूनही आपण वन्स मोअर देतोच की. पहिल्यांदा वॅगनरचे लांबलचक ऑपेरा मात्र नको, पाठ धरेल, मोझार्ट घ्या. तिकिटं महाग आहेत, उभं राहून बघायची स्वस्तात मिळतात, पण साडीत तेवढा वेळ उभं राहायची तयारी असेल तरच.