शंकरपटासाठी (बैलजोडीच्या शर्यतीसाठी) कॅमेरा घेतोस तर

भाऊ, डब्यावरचं ‘४के’ वाचून लगेच खिशात हात घालू नको. स्वस्तातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, तेवढा नसतोच, चित्र ताणून मोठं केलेलं असतं. माहितीपत्रकात ‘इंटरपोलेटेड’ दिसलं की तिथूनच मागं फिर.

खरं ४के म्हणजे ३८४० बाय २१६०, फुल एचडीच्या चौपट पिक्सेल. पण पटावर जोडी काही सेकंदांत पार होते, तिथं मी फुल एचडीवर सेकंदाला १२० फ्रेमच लावतो. तेच ३० फ्रेमनं चालवलं की चौपट संथ. बैलाच्या खुराखालून उडालेलं ढेकूळ हवेत फुटताना दिसतं, गड्या! ४के ठेव वावराच्या, तलावाच्या शूटिंगला, मागाहून कापून जवळ घ्यायला.

स्टॅबिलायझेशन, म्हणजे चित्राचे हादरे कमी करणारी सोय, मात्र सोडू नको. पांदणीनं गाडीवर जाशील तर त्याच्याशिवाय पाहणाऱ्याला मळमळेल. ते कडा कापतं, म्हणून चौकट थोडी मोकळी धर.

आपल्याकडचं ऊन वेगळंच. मे महिन्यात वरातीत माझा कॅमेरा तापून दोनदा बंद पडला, नवरदेव घोड्यावर चढला तेव्हाच. तेव्हापासून तुकड्यातुकड्यानं घेतो, मधल्या वेळी दुपट्ट्याच्या सावलीत.

कार्ड व्ही३० घे, म्हणजे सेकंदाला निदान ३० मेगाबाइट लिहिणारं. बिटरेट, म्हणजे व्हिडिओचा डेटा, सेकंदाला १०० मेगाबिट असला तर तासाला ४५ जीबी जातात.

अन् रात्री मंडपात ट्यूबलाइट लुकलुकताना दिसली तर सेटिंग ५० हर्ट्झवर कर, म्हणजे २५ किंवा ५० फ्रेम. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, असते तेव्हा.