फॅशनवर लिहायचंय, पण बेळगावात राहून?

प्रश्न: ताई, मी बेळगावात वडगावला राहते, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी पॉवरलूम आहेत, बाबा आणि काका चालवतात. मला दहावीपासून फॅशन जर्नलिस्ट व्हायचंय, पण आता सगळे म्हणतात मासिकं बंद पडायलीत, टीन व्होग हे अमेरिकेतलं तरुण मुलींचं फॅशन मासिकपण व्होगच्या वेबसाईटमधे मिसळून टाकलं म्हणे, आणि शोला आता रीलवाल्यांनाच बोलावतात. बाबा म्हणतात कपड्यावर लिहून कुठं पोट भरतंय, बँकेची परीक्षा दे. मी निफ्ट, म्हणजे सरकारी फॅशन कॉलेज, करू का, मुंबईला जाऊ का? शाळा मराठी होती, इंग्रजी बेताचंच, कन्नड मात्र छान बोलते.
– एक वाचक, वडगाव

उत्तर: आधी कडू ते सांगते. मुंबईतल्या चकचकीत मासिकात टेबल आणि वर्षातून दोनदा फॅशन वीक, अशी जी नोकरी तुझ्या डोळ्यासमोर आहे ती खरंच कमी झालीय आणि परत वाढेल असं मला वाटत नाही. टीन व्होगचा छापील अंक २०१७ लाच थांबला होता, नोव्हेंबर २०२५ मधे वेबसाईटपण वेगळी राहिली नाही. असली मासिकं वाचकाच्या शंभर-दीडशे रुपयांवर कधीच चालत नव्हती, ती चालायची परफ्यूम, घड्याळं, दागिने यांच्या जाहिरातींवर, आणि तो पैसा आता इन्स्टा, यूट्यूबवर आणि थेट इन्फ्लुएन्सरकडे जातो.

पण कपड्यावर बातमी करणारं माणूस नकोय असं कुणी सांगत असेल तर ते चूक आहे. जून २०२५ मधे प्राडा या इटलीच्या महागड्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमधे कोल्हापुरीसारखी सँडल रॅम्पवर आणली, आधी नुसतं लेदर सँडल म्हटलं, भारताचा उल्लेखच नाही, मग एवढा आरडाओरडा झाला की कंपनीला मान्य करावं लागलं प्रेरणा इथली आहे. देशभर बातमी चालली ती कोल्हापूरच्या नावाने. पण २०१९ ला या चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते दोन्ही राज्यांना मिळून, तिकडचे चार जिल्हे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे चार बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. अथणी, मदभावी, निपाणी भागात ही चप्पल पिढ्यान्‌पिढ्या बनते. पुढे प्राडाने करार केला तोही महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर अशा चामड्याच्या धंद्याच्या दोन्ही सरकारी महामंडळांशी. आता तू सांग, अथणीत कारागिराच्या दारात बसून कन्नडमधे बोलेल, कातडं कुठून येतं, एका जोडामागे हातात किती पडतात, दलाल किती घेतो हे विचारेल आणि रात्री ते मराठीत लिहून पाठवेल अशी मुलगी किती संपादकांकडे असेल? तुझं कन्नड तू प्रश्नाच्या अगदी शेवटी लिहिलंस, मी ते सगळ्यात वर ठेवलं असतं.

आणि घरात माग आहेत! बीम भरायला किती वेळ लागतो, धागा तुटला की काय होतं, सुताचा भाव वाढला की घरात काय बोलणं होतं हे तुला लहानपणापासून माहीत आहे. फॅशनवर लिहिणाऱ्या बऱ्याच जणांना कापड हातात घेऊन ते सुती की पॉलिस्टर एवढंही सांगता येत नाही, मला याचा फार राग येतो, कारण मग ते कंपनीच्या प्रेसनोटमधे जे असेल तेच छापतात. इरकल घे. हातमागाच्या अस्सल इरकलीत पदराचा ताणा (उभे धागे) आणि अंगाचा ताणा वेगळा असतो, ते दोन्ही फासे घालून जोडतात. हे पदराजवळ बोट ठेवून ओळखता आलं पाहिजे. त्यावरचा कशिदा कधीही छापलेला नसतो, धागे मोजून भरतात. गुळेदगुड्डचा खण आता ब्लाऊज सोडून पर्स, डायरी, कुर्त्यावर गेलाय, त्यात विणकराला काय मिळालं हे कुणी विचारलंय का? १९८५ च्या कायद्याने साडीचे काही प्रकार हातमागासाठी राखीव आहेत, तरी पॉवरलूमचा माल हातमागाचा म्हणून विकला जातो. हा विषय तुला जड जाईल कारण धंदा घरचाच आहे, पण म्हणूनच तो तुला बाहेरच्या माणसापेक्षा चांगला कळेल. आमच्या घरी पॉवरलूम आहेत असं पहिल्याच परिच्छेदात सांगून टाक आणि मग दोन्ही बाजू लिही, पॉवरलूमवाल्याचंपण पोट आहे.

निफ्टचं म्हणशील तर तिथला फॅशन कम्युनिकेशन हा बारावीनंतरचा चार वर्षांचा कोर्स आहे, फी भरपूर, आणि तू आता बीकॉम संपवतेयस. चांगला कोर्स आहे, पण मी तुला परत शून्यापासून सुरू करायला लावणार नाही. धारवाडला कर्नाटक विद्यापीठात नाहीतर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पत्रकारिता कर, दोन्ही बसच्या अंतरावर आहेत. बीकॉम वाया जात नाही हे बाबांनाही सांग, कारण आजची फॅशनची बातमी निम्मी तरी पैशाची असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के जीएसटी आणि त्याच्यावर गेलं की १८, मग खडेबाजारातला दुकानदार लग्नसराईच्या ड्रेसची किंमत कशी लावतो? ही फॅशनचीच बातमी आहे, आणि ती करायला मुंबई लागत नाही. आधी बेळगावातल्याच मराठी दैनिकाच्या पुरवणीला असं काहीतरी दे, फुकट नको, कमी का होईना मानधन विचार.

इंग्रजी लागेल, खोटं नाही बोलणार. बाहेरच्या वेबसाईटला विषय सुचवणारा मेल आणि कंपनीचा अहवाल वाचता येणं, एवढ्यापासून सुरुवात कर, रोज एक बातमी मोठ्याने वाच. आणि बँकेची परीक्षा दे की! फ्रीलान्सचे पैसे उशिरा येतात, कधी दोन-तीन महिने, तेव्हा घरी पगार असला तर तू कुणाच्याही दबावाखाली लिहिणार नाहीस. बाबांना हेही सांग की रॉबिन गिव्हान या बाईंना २००६ मधे वॉशिंग्टन पोस्टमधल्या फॅशनवरच्या लिखाणासाठी पुलित्झर हा अमेरिकेतला पत्रकारितेचा मोठा पुरस्कार मिळालाय.

प्रश्न: ताई, माझं इन्स्टा पेज आहे साड्यांचं. एक बुटीकवाली दर महिन्याला एक साडी फुकट देते आणि चांगलं लिही म्हणते. पैसे घेत नाही मी, मग ही जाहिरात धरायची का?
– निपाणी

उत्तर: हो, धरायची. जाहिरातींच्या एएससीआय या संस्थेने २०२१ मधे इन्फ्लुएन्सरसाठी नियम काढले, त्यात पैसे, फुकट वस्तू, सवलत, सहल, काहीही मिळालं असेल तर पोस्टवर स्पष्ट लिहावं लागतं, आणि तेही सहज दिसेल असं, हॅशटॅगच्या ढिगात लपवून नाही. साडी घे, नको घेऊ, तुझा प्रश्न, पण घेतलीस तर जाहिरात असं वर लिही. आणि पुढे पत्रकारिता करायचा विचार असेल तर माझं ऐक, साडी परत कर. धुतल्यावर रंग गेला तर तू ते लिहू शकणार आहेस का, हे स्वतःला विचार. तुझ्या पेजवर बघून जी बाई चार हजार घालवते ती तुझ्या भरवशावर घालवते, तिला फसवायचं नाही.

प्रश्न: मी मुलगा आहे, वय २१, फॅशनवर लिहितो म्हटलं की गावात पोरं हसतात. सोडून देऊ का?
– खानापूर तालुका

उत्तर: अजिबात नको. बिझनेस ऑफ फॅशन ही आज या धंद्यातली सगळ्यात जास्त वाचली जाणारी एक वेबसाईट, ती इमरान अमेद यांनी २००७ मधे लंडनमधे घरी बसून ब्लॉग म्हणून सुरू केली. तुझ्या गावातले शिंपी, फेटा बांधणारे, धोतर नेसणारी शेवटची पिढी, हे सगळे पुरुषच आहेत आणि त्यांच्यावर नीट लिहिलेलं जवळजवळ काहीच नाही. पहिला लेख तुमच्या गावच्या शिंप्यावर कर, रेडिमेड आल्यापासून त्याच्याकडे कोण काय शिवायला येतं ते विचार, आणि ८०० शब्दांत मला पाठव, मी वाचून दुरुस्त्या कळवीन.