फॅलेनॉप्सिसची दांडी झुकते, डेंड्रोबियमची कुंडी कलंडते: आधार कधी आणि कसा द्यावा?

तुमच्या बेळगावातल्या टिळकवाडीच्या गॅलरीत फॅलेनॉप्सिस या ऑर्किडची फुलांची दांडी कठड्याबाहेर झुकत चाललीय आणि डेंड्रोबियम हे दुसरं ऑर्किड वाऱ्याने सारखं आडवं होतंय. काठी कधी लावायची, कशाने बांधायचं, असं विचारलंय तुम्ही. मी शहापुरात राहतो आणि गच्चीवर ही दोन्ही झाडं लावलीत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी डेंड्रोबियम, कारण ते जास्त निकडीचं आहे. आधार फुलांसाठी द्यायचा असतो असं बहुतेकांना वाटतं. माझ्या मते पहिला आधार मुळांसाठी. खोड दोन बोटांत धरून अगदी हळू हलवून बघा. बुंधा डुलत असेल, तर नव्या मुळांची हिरवी टोकं कुंडीत भरलेल्या विटेच्या नि कोळशाच्या तुकड्यांवर घासून मोडत असणार. टोक मोडलं की ते मूळ तिथेच थांबतं, फार तर बाजूने फाटा फुटतो. मुळांनी पकड धरली नाही म्हणून झाड हलतं, आणि हलतं म्हणून मुळं पकड धरत नाहीत. हे चक्र काठीनेच तुटतं.

कलंडते म्हणून मोठी कुंडी मात्र घेऊ नका. डेंड्रोबियमला लहान, दाटीची कुंडीच मानवते. मोठ्या कुंडीत ओल टिकून राहते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर जी झड लागते त्यात मुळं कुजतात. आहे ती प्लॅस्टिकची कुंडी तशीच उचलून खानापूरच्या जड मातीच्या कुंडीत ठेवा आणि मधल्या फटीत दगड भरा. तळाला भोक हवंच. वळवाच्या वाऱ्यातसुद्धा ती सहसा हलत नाही. पानं झडलेली जुनी खोडं वाळकी दिसतात म्हणून कापू नका. पाणी आणि अन्न त्यांच्यातच साठवलेलं असतं.

काठी चिव्याची (बारीक बांबूची) घ्या, भरीव असते, लवकर कुजत नाही. नाजूक कामाला बुरुडाकडची कामटी, म्हणजे बांबूची चिरलेली पट्टी, कडा कानशीने घासून. तांब्याची उघडी तार नको, ऑर्किडला तांबं सोसत नाही. काठी घुसवताना जोर लावायचा नाही. फिरवत फिरवत खाली न्या आणि अडली की मूळ लागलं असं समजून जागा बदला. सगळ्यात बरं म्हणजे कुंडी बदलतानाच काठी रोवून ठेवणं. बांधायला जुन्या सुती साडीची चिंधी, आठच्या आकड्यासारखी फिरवलेली: एक वेढा काठीला घट्ट, दुसरा खोडाला सैल. सगळी खोडं एकत्र आवळून भारा करू नका. मधे हवा खेळली नाही तर पावसाळ्यात बुरशी धरते.

आता फॅलेनॉप्सिस. दांडी उजेडाकडे जाते, तुमचा उजेड कठड्याकडून येतो, म्हणून ती तिकडे झुकते. यात बिघडलेलं काही नाही. दांडी वीतभर झाली, कळ्या अजून मिटलेल्या आहेत, ही काठी लावायची वेळ. कळी उमलता उमलता आपला देठ पिळवटून फुलाचा ओठ, म्हणजे मधली वेगळ्या आकाराची पाकळी, खालच्या बाजूला आणते. फुलं उमलल्यावर दांडीची दिशा बदललीत, तर ती बहुतेक तशीच तिरपी राहतात आणि रांग विस्कटते. त्याच कारणाने कळ्या असताना कुंडी फिरवत बसू नका. सफाईसाठी उचललीत तर त्याच बाजूने परत ठेवा. कुंडीच्या काठावर खडूची खूण करून ठेवली की चुकत नाही.

पहिला क्लिप बुंध्याजवळ, दुसरा वर, दोन्ही पेराच्या, म्हणजे दांडीवरच्या गाठीच्या, जरा खाली. मुलींचे केसांचे छोटे चिमटे चालतात, पण स्प्रिंग सैल असलेले घ्या. शेवटचा क्लिप पहिल्या कळीच्या खाली थांबला पाहिजे. तिथून पुढची दांडी मोकळी सोडा, फुलांच्या वजनाने ती आपोआप कमान धरते. फार वाकडी असेल तर एका दिवसात सरळ करू नका. पाणी घालायच्या आधी, दुपारच्या उबेत दांडी थोडी लवचिक असते. तेव्हा जराशी ओढायची, क्लिप लावायचा आणि पुढचं दोन-तीन दिवसांनी.

एवढं करून दांडी चिरलीच, पण पूर्ण तुटली नसेल, तर बाजूला काडी ठेवून मेडिकलमधल्या कागदी चिकटपट्टीने बांधा, बऱ्याचदा कळ्या उमलतात. पूर्ण तुटली तर खालच्या पेराच्या बोटभर वर, गॅसवर तापवून गार केलेल्या कात्रीने कापा. त्या पेरातून कधी कधी नवा फाटा येतो.

खानापूर-जांबोटीकडच्या जंगलातलं ऑर्किड, सीतेची वेणी, घरात असेल तर तिला काठी लावू नका. तिचा तुरा लोंबण्यासाठीच असतो, तिला टांगा. ती रोपवाटिकेतूनच आणावी, जंगलातल्या फांदीवरून ओरबाडलेली नको.

डेंड्रोबियमची काठी वर्षभर राहू द्या. मात्र खोड जाड होतं, तेव्हा चिंधी रुतत नाही ना ते अधूनमधून बघा.