रिक्रूटरने करंट सीटीसी विचारला तर काय सांगू?

प्रश्न: ताई नमस्कार, मी हिंजवडीत एका आयटी सर्व्हिस कंपनीत आहे, साडेसहा वर्षं झाली, सीटीसी (म्हणजे पीएफ, बोनस सगळं धरून वर्षाचं पॅकेज) ११ लाख. एका मोठ्या अमेरिकन प्रॉडक्ट कंपनीच्या हैदराबाद ऑफिससाठी सगळे राउंड क्लिअर झालेत आणि आता रिक्रूटर करंट सीटीसी विचारतेय. टीममधला सीनियर म्हणतो १८ सांग, कोण बघतंय. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचा मावसभाऊ म्हणतो मला कुणी विचारलंच नव्हतं. खरं सांगितलं तर १४ वर बोळवण होईल अशी भीती वाटते.
– एक वाचक, पुणे

उत्तर: अगं, १८ अजिबात सांगू नकोस. पुढे तीन महिन्यांच्या पे स्लिपा, फॉर्म १६, कधी बँक स्टेटमेंटही मागतात, आणि खोटं सापडेपर्यंत तू इकडे राजीनामा देऊन बसलेली असशील, म्हणजे दोन्हीकडून गेलं.

मावसभावाचं खरंय. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१८ पासून उमेदवाराला आधीचा पगार विचारायलाच बंदी आहे, अपेक्षा किती एवढं विचारता येतं. पण तिथेही कुणी आपणहून आकडा सांगून टाकला तर कंपनी तो धरून पगार ठरवू शकते. हा कायदा मुळात आला तो यासाठी की एका नोकरीत पगार कमी मिळाला की तोच कमीपणा पुढच्या प्रत्येक नोकरीत मागे लागतो, आणि बायकांना हे जास्त भोगावं लागतं. मी स्वतः भोगलंय, एका कंपनीत मला "आधीच्या पगारावर ३०% पेक्षा जास्त वाढ देता येत नाही" म्हणाले आणि त्याच कामाला शेजारच्या मुलाला कितीतरी जास्त, का तर तो आधीच जास्त घेत होता. आपल्याकडे असा कायदा नाही म्हणून ते विचारणार, पण विचारल्याबरोबर सांगायचं बंधन तुझ्यावरही नाही.

आता खरा मुद्दा. मोठ्या कंपन्यांत ऑफर लेव्हलवरून, म्हणजे हुद्द्याच्या पायरीवरून निघते, प्रत्येक लेव्हलचा बँड, म्हणजे पगार किती ते किती, हे ठरलेलं असतं, तुझे ११ लाख फार तर त्या बँडमध्ये कुठून सुरुवात करायची एवढंच ठरवतात. म्हणून आधी तूच विचार, "मला कुठल्या लेव्हलला घेताय आणि बँड काय आहे?" लेव्हल एक पायरी खाली गेली तर नंतर कितीही घासाघीस केलीस तरी ती भरून निघत नाही.

फॉर्ममध्ये आकडा भरल्याशिवाय पुढे जाताच येत नसेल तर खरा भर, फिक्स्ड, व्हेरिएबल, पीएफ, ग्रॅच्युइटी वेगवेगळं लिही आणि सोबत सांग की माझी अपेक्षा या रोलच्या बाजारभावावर आहे, हातातल्या पगारावर नाही. सोडताना बुडणारा बोनस असेल तोही सांग, कारण बेस (मूळ ठरलेला पगार) हलत नसला तरी जॉइनिंग बोनस आणि स्टॉक (कंपनीचे शेअर) बऱ्याचदा हलतात. दुसऱ्या कंपनीची ऑफर हातात असेल तर मग ११ चा विषय जवळजवळ मागेच पडतो.

स्टॉकचा आकडा बहुतेक चार वर्षांचा मिळून सांगतात, त्याला भुलू नको. अ‍ॅमेझॉनमध्ये बरीच वर्षं तो ५, १५, ४०, ४० टक्के असा मिळायचा, म्हणजे पहिल्या वर्षी हातात अगदी थोडा. पहिल्या वर्षाचा एकूण आकडा मेलवर मागून घे, आणि ९० दिवसांचा नोटिस पीरियड असेल तर बायआउटचे, म्हणजे नोटिस पूर्ण न करता लवकर सुटायचे, पैसे कोण भरणार हेही राजीनामा द्यायच्या आधी लेखी घे.