विंडोज 7 वर चालणाऱ्या बाबांच्या जुन्या पीसीवर लिनक्स टाकावं का?

तुम्ही लिहिलंय की बाबांचा 2009 सालचा असेंबल केलेला पीसी आहे, कोअर टू ड्युओ, 2 जीबी रॅम, विंडोज 7. दुकानदार म्हणतो भंगारात काढा. बाबांना बातम्या, यूट्यूब आणि मराठीत लिहिणं, एवढंच हवंय.

भंगारात मुळीच देऊ नका. माझ्या मामाचं अगदी असंच मशीन मी दिवाळीच्या सुट्टीत लिनक्सवर आणलं, मामा ते रोज वापरतो.

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली. तिच्यातल्या लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. कोअर टू ड्युओ 64 बिट असल्यामुळे ती चालते. 2 जीबीवरही सुरू होते, पण ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की कॅबिनेटवरचा लाल दिवा सारखा लुकलुकतो आणि माउस अडखळतो. म्हणून रॅम 4 जीबी करा आणि जमलं तर 240 जीबीची साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) बसवा. खरा फरक एसएसडीनेच पडतो. रॅम घ्यायला जाताना आतली पट्टी काढून सोबत न्या. या काळातल्या बोर्डांवर बहुतेक डीडीआर2 असते, डीडीआर3 त्यात बसतच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विंडोज पुसण्याआधी बाबांच्या फाइलींसोबत 'विंडोज'मधलं 'फॉन्ट्स' फोल्डरही कॉपी करून ठेवा. मामाची वीस वर्षांची पत्रं शिवाजी फॉन्टमध्ये होती. तो युनिकोड (आजची सर्वत्र चालणारी अक्षरपद्धत) नाही, त्यामुळे लिबरऑफिसमध्ये (मिंटमधलं वर्डसारखं सॉफ्टवेअर) उघडल्यावर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसली. मामाचा चेहरा पडला. जुन्या डिस्कवरून त्या फॉन्टची टीटीएफ फाइल आणून होम फोल्डरमधल्या '.fonts' मध्ये टाकली, लिबरऑफिस बंद करून पुन्हा उघडलं आणि 'तीर्थरूप' जसंच्या तसं दिसलं.

मिंटची डाउनलोड केलेली फाइल 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर रुफस या विंडोजवरच्या मोफत सॉफ्टवेअरने चढवा, त्यात पार्टिशन स्कीम एमबीआर (जुन्या पीसीला चालणारी) ठेवा. जुन्या बायॉसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंग्ज) पेनड्राइव्ह अनेकदा बूटच्या मुख्य यादीत दिसत नाही. 'हार्ड डिस्क ड्राइव्हज'मध्ये जाऊन तो सगळ्यात वर आणावा लागतो. मग लगेच इन्स्टॉल करू नका. पेनड्राइव्हवरूनच तासभर चालवून बघा, आवाज येतो का, यूट्यूब चालतं का. वायफाय नसेल तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग (मोबाइलचं इंटरनेट पीसीला देणं) चालू करा, मिंट ते लगेच ओळखतं.

इंटरनेट जोडलेलं असूनही प्रत्येक साइट 'असुरक्षित' म्हणत असेल तर आधी कोपऱ्यातली तारीख बघा. मामाकडे 1 जानेवारी 2009 दाखवत होती. बोर्डवरचा सीआर2032 सेल संपला की तारीख मागे जाते आणि साइटचं प्रमाणपत्र ब्राउझरला चुकीचं वाटतं. सेल बदला, तारीख लावा, काम झालं.

इन्स्टॉल करताना 'इरेझ डिस्क' निवडण्याआधी डिस्कचा आकार वाचून खात्री करा. एसएसडी बसवली असेल तर जुनी डिस्क त्या वेळी काढून ठेवलेली बरी.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्ड सेटिंग्जमध्ये भारताच्या यादीत मराठी मिळेल. बाबांचा हात इनस्क्रिप्टवर (भारतीय भाषांचा ठरलेला कीबोर्ड) बसला असेल तर तेच ठेवा, नाहीतर कागप फोनेटिक लावून द्या, त्यात इंग्रजी उच्चारावरून अक्षरं येतात. कुठे अडलात तर बोर्डचं मॉडेल लिहा, मी बघतो.