लोडरच्या व्हॉल्व्हला फ्लोट : शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तर

प्रश्न (करवीर तालुका) : माझ्या ट्रॅक्टरला पुढे लोडर आहे. शेणखत पसरताना किंवा गुऱ्हाळाचे आवार ओढताना बकेट एकतर जमिनीत घुसते, नाहीतर अधांतरी राहते. मागचा रोटाव्हेटर मात्र जमिनीच्या चढउताराप्रमाणे आपोआप वरखाली होतो. लोडरच्या व्हॉल्व्हमध्ये फ्लोट बसवून तसे करता येईल का? गावातील फिटर जॅकचे दोन्ही पाईप टी लावून कॉकने एकमेकांना जोडून देतो म्हणतो.

उत्तर : फ्लोट, म्हणजे बकेट जमिनीच्या चढउताराप्रमाणे मोकळी वरखाली होऊ देणारी सोय, बसवता येतो, पण फिटरने सुचवलेल्या पद्धतीने नव्हे.

मागच्या तीनपॉइंट लिफ्टचा आणि आपल्या ट्रॉलीचा जॅक एकेरी असतो, म्हणजे तेल फक्त उचलण्यासाठी ढकलले जाते आणि खाली येणे वजनावर सोडलेले असते. म्हणून रोटाव्हेटरला वर जाण्यास कोणी अडवत नाही. लोडरचे जॅक दुहेरी असतात, म्हणजे वर आणि खाली दोन्हीकडे तेलानेच ढकलले जातात. लिव्हर मधल्या स्थितीत असताना व्हॉल्व्हमधील स्पूल (लिव्हरबरोबर सरकून तेलाची वाट बदलणारा दांडा) दोन्ही बाजूंचे तेल कोंडून ठेवतो, त्यामुळे बकेट उचलणारा आर्म आहे त्या उंचीवर जखडून राहतो आणि पुढच्या चाकाखाली वरंबा आला की बकेटही त्याच्याबरोबर उचलली जाते. वर, मध्ये आणि खाली यांखेरीज फ्लोट ही स्पूलची चौथी स्थिती होय. लिव्हर 'खाली'च्याही पुढे रेटली की ती तिथेच अडकून राहते, जॅकच्या दोन्ही बाजू टाकीला जोडल्या जातात आणि पंपाचे तेल जॅककडे न जाता परतीच्या वाटेला लागते.

यातील टाकीची जोडणी महत्त्वाची आहे आणि टी-कॉकच्या जोडणीत नेमकी तीच राहून जाते. समजा, जॅकचा आतील व्यास ५० मिलिमीटर आणि रॉड ३० मिलिमीटर आहे. रॉड १० सेंटिमीटर आत गेला, तर पिस्टनच्या तळाकडून सुमारे १९६ घनसेंटिमीटर तेल बाहेर पडते, पण रॉडच्या बाजूला जागा जेमतेम १२६ ची होते, कारण उरलेली जागा रॉडनेच व्यापलेली असते. हे ७० घनसेंटिमीटर तेल, दोन जॅक धरले तर १४०, जाणार कुठे? टाकीचा मार्ग नसेल तर आर्म खाली येताना अडतो, आणि वर जाताना तेवढेच तेल कमी पडून जॅकमध्ये पोकळी तयार होते. परतीच्या पाईपचे टोक टाकीतील तेलाच्या पातळीखालीच असले पाहिजे, हेही याच कारणाने. ते वर राहिले तर फ्लोटमध्ये जॅक तेलाऐवजी हवा ओढतो आणि तेलाला फेस येतो.

सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे आर्मच्या भागाला फ्लोट असलेला नवा दोन भागांचा (एक आर्मसाठी, एक बकेट वळवण्यासाठी) व्हॉल्व्ह बसवणे. आपल्या व्हॉल्व्हच्या उत्पादकाकडे फ्लोटचा भाग स्वतंत्र मिळत असेल तर तेवढाच बदलता येतो. नुसता स्पूल आणून घालण्याच्या भानगडीत मात्र पडू नये, कारण स्पूल आणि त्याचे भोक एकमेकांना जुळवून घासलेले असतात, त्यांच्यातील फट काही मायक्रॉनचीच असते आणि एका बॉडीचा स्पूल दुसऱ्या बॉडीत बसेलच असे नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुशल कारागीर पुष्कळ आहेत, पण लेथवर स्पूल करून घेण्यापेक्षा तयार व्हॉल्व्ह घेणे बहुधा स्वस्त आणि निश्चितच शहाणपणाचे ठरते.

खरेदीपूर्वी आपल्या लोडरच्या तेलाचा मार्ग पाहून घ्यावा, कारण बहुतेक चुका इथेच होतात. पंपाचे तेल लोडरच्या व्हॉल्व्हमधून पुढे मागच्या लिफ्टकडे जात असेल, तर नव्या व्हॉल्व्हला पुढे तेल देणारे वेगळे तोंड हवे आणि टाकीकडे जाणारी परतीची लाइन त्याहून स्वतंत्र हवी. ही दोन्ही एकच ठेवली, तर मागे वजन उचलताच परतीच्या बाजूला दाब चढतो, फ्लोटमध्ये तो जॅकच्या दोन्ही बाजूंना पोचतो आणि तळाकडील क्षेत्रफळ जास्त असल्यामुळे आर्म आपोआप वर उठतो. शिवाय व्हॉल्व्हच्या परतीच्या भागाला तेवढा दाब सोसेलच असे नाही. आपला पंप गिअर पंप असेल तर व्हॉल्व्ह मधल्या स्थितीत तेल मोकळे सोडणाऱ्या प्रकारचाच घ्यावा. जॅकवर आर्म पडू नये म्हणून लॉक व्हॉल्व्ह बसवलेला असल्यास फ्लोट चालणारच नाही, कारण तो उघडायला दाब लागतो आणि फ्लोटमध्ये दाबच नसतो.

काम करताना बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, लिव्हर दोन्हीकडे हलवून दाब काढून टाकावा. उचललेल्या आर्मखाली कोणीही जाऊ नये. गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. दाबाचे तेल कातडीत शिरले तर जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने रुग्णालयात जावे. अनेक ट्रॅक्टरांत हेच तेल गिअरबॉक्समध्येही फिरते, तेव्हा घाण आत जाऊ नये म्हणून होजची तोंडे झाकून ठेवावीत.

वापरातील धोका एकच, पण मोठा : आर्म वर असताना लिव्हर फ्लोटमध्ये गेली तर भरलेली बकेट तशीच खाली आदळते. म्हणून बकेट टेकल्यावरच फ्लोट द्यावा आणि रस्त्याला लागण्यापूर्वी लिव्हर मध्ये आणावी. बकेट सपाट ठेवून मागे ओढत आल्यास काम अधिक साफ होते.

प्रश्न (शिरोळ तालुका) : पुराचा गाळ ओढायला फ्लोटचा उपयोग होईल का?

उत्तर : २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर नदीकाठच्या रानांतून हा प्रश्न आला होता. गाळ ओला असेपर्यंत उपयोग नाही, कारण बकेट स्वतःच्या वजनानेच रुतते. वाळून भेगा पडू लागल्यावर पातळ थर फ्लोटमध्ये चांगला निघतो. जाड थराला मात्र बकेट दाबून धरावी लागते, आणि फ्लोटमध्ये खाली दाब मिळत नाही.

प्रश्न (कागल तालुका) : बकेट वळवण्याच्या लिव्हरलाही फ्लोट घ्यावा का?

उत्तर : गरज नाही. बकेटचा कोन पक्का राहिला तरच आर्मच्या फ्लोटचा उपयोग होतो. आपला लोडर केवळ ट्रॉली भरण्यापुरताच वापरला जात असेल, तर आर्मलाही फ्लोटचा खर्च करू नये.